रत्नागिरीत हजाराला ११२२ बायका कशा?

निवडणूक असो वा महिला दिन, दरवर्षी एक मजकूर फिरत येतो: रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे कोकणात मुलीच जास्त जन्मतात! मागोमाग कोणी पाण्याला श्रेय देतं, कोणी मासळीला. आकडा २०११च्या जनगणनेचा आहे आणि खरा आहे. बाकी सगळं गप्पा.

त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयाची पोरं पाहिली, तर या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे मुली ९३६. निसर्गतःही मुलगे थोडे जास्तच जन्मतात, साधारण १०० मुलींमागे १०५. म्हणजे पाळण्यात मुलगेच जास्त. तराजू फिरतो तो पुढे, मुलगा दहावी-बारावी होऊन मुंबईची गाडी पकडतो तेव्हा.

आपली जनगणना माणूस मूळचा कुठला हे धरून मोजत नाही. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारीत मोजणी झाली. या सगळ्या काळात जो गावाबाहेर होता, त्याची नोंद गावात झालीच नाही. रेशनकार्डावर नाव असो, सातबाऱ्यावर असो, गणपतीला तोच आरती म्हणत असो. प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी मोजणी करणाऱ्याच्या, लेखी तो मुंबईचा. म्हणून मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे स्त्रिया ८३२च. रत्नागिरीच्या छेदातून, म्हणजे पुरुषांच्या संख्येतून, गेलेली माणसं तिकडच्या छेदात जाऊन बसली. अर्थात तिथे सगळ्या देशाची गर्दी आहे, एकट्या कोकणाची नाही.

आता अपूर्णांकाची गंमत. एका गावात १००० पुरुष, ९६० बायका. दीडशे पुरुष मुंबईला गेले. राहिले ८५०. भागाकार करा: प्रमाण ११२९. एकही मुलगी जास्त जन्मली नाही. पुढे पन्नास जोडपी गेली तर? वाटतं, दोन्हीकडून सारखेच गेले, प्रमाण तेच राहील. पण उरले ८०० पुरुष नि ९१० बायका, प्रमाण ११३८! अंश छेदाहून मोठा असला की दोन्हींतून सारखी संख्या वजा केल्यावर अपूर्णांक वाढतो. म्हणजे हे प्रमाण खाली यायचं, तर बायकांची घट टक्केवारीत पुरुषांहून मोठी हवी.

आणि तसंच घडलंय. २००१ साली रत्नागिरीत प्रमाण ११३६ होतं, २०११ला ११२२. त्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. पुरुष सुमारे ३३ हजारांनी कमी झाले, बायका ४८ हजारांनी. टक्क्यांत पुरुष ४.२, बायका ५.४. जन्म घटले हे आहेच, पण त्याची कात्री दोन्हीकडे जवळपास सारखी चालते. माझा अंदाज असा, की पूर्वी गिरणगावातल्या खोलीत चार पुरुष एकत्र राहत आणि बायको गावी शेत बघे. आता नालासोपारा-दिव्याला भाड्याने का होईना घर झालं, की बायको-पोरंही तिकडेच.

जुने आकडे पाहताना एक खबरदारी. १९८१च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीची 'रत्नागिरी' म्हणजे दोन्ही जिल्हे. आजच्या रत्नागिरीत मंडणगड ते राजापूर असे नऊ तालुके, आणि शंभरातली चौऱ्याऐंशी माणसं खेड्यांत. जनगणनेचं खेडं म्हणजे महसुली गाव. वाडी तिथे वेगळी दिसत नाही. एखादी वाडी अर्धी ओस पडली तरी गावाच्या एकूण आकड्यात ते विरघळून जातं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख (ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात ती) १ मार्च २०२७ आहे, आणि होळी त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी. २०११लाही शिमगा मोजणी उरकल्यावरच आला होता. पालखी नाचवायला चाकरमानी येतील तोवर प्रगणक त्यांच्या कुलपाला हात लावून परतलेला असेल.