दिवाणगिरीपासून आर्थिक सल्लागारापर्यंत : बडोद्याचा धागा

केंद्र सरकारच्या आर्थिक सल्लागारपदाकडे आज दोन वाटांनी जाता येते. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेत परीक्षेने प्रवेश मिळवता येतो, किंवा विद्यापीठात अथवा आंतरराष्ट्रीय संस्थेत नाव कमावलेल्या अर्थतज्ज्ञाला सरकार थेट बोलावते. त्यापूर्वी संस्थानांत हे काम दिवाण आणि महसूलमंत्री पाहत, आणि अभ्यासकाला राज्यकारभारात आणण्याची परंपरा बडोद्यात विशेष ठळक दिसते.

सनदी नोकरी सोडून ब्रिटिश सारापद्धतीवर साधार टीका करणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये सयाजीराव गायकवाडांचे महसूलमंत्री झाले. लेखणीने जे मांडले ते कारभारात उतरवण्याची अशी संधी त्या काळी फार थोड्या अर्थचिंतकांना मिळाली. पुढे १९२७ ते १९४४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले व्ही. टी. कृष्णम्माचारी स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. संस्थानी कारभाराचा अनुभव अशा रीतीने थेट राष्ट्रीय नियोजनात पोहोचला.

या परंपरेतील सर्वांत वेदनादायक प्रकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, अर्थशास्त्र शिकले, आणि करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेत रुजू झाले. दरबाराने ज्याच्या विद्येवर खर्च केला, त्याला शहराने राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांनी बडोदे सोडले. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. पात्रता पूर्ण असूनही जातीने वाट अडवल्याचे हे उदाहरण बडोद्याच्या थोर कामगिरीबरोबरच सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्योत्तर पिढीत आय. जी. पटेल यांनी केंब्रिजहून परतल्यावर बडोदा कॉलेजात अध्यापन केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम करून ते अर्थ मंत्रालयात आले, मुख्य आर्थिक सल्लागार झाले आणि १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. अध्यापन, आंतरराष्ट्रीय संस्था आणि मंत्रालय असा त्यांचा क्रम पुढील काळात अनेक मुख्य आर्थिक सल्लागारांच्या वाटचालीतही दिसतो.