नीलेतले लाल रक्त : फुप्फुस शिरांच्या आजारांचा मागोवा

पेठ, सुरगाणा, कळवणकडून नाशिकला आणलेले तान्हे बाळ. श्वास जोरात, ओठ निळसर, दूध ओढत नाही. "न्यूमोनिया आहे, काचेत ठेवलंय," असे आजी सांगते आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. पण एखाद्या बाळाला कितीही ऑक्सिजन दिला तरी बोटावरचा आकडा वर सरकत नाही. तेव्हा कोणीतरी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगते आणि कळते, की दुखणे फुप्फुसात नाही. फुप्फुसातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या चार शिरांचा रस्ताच चुकलेला आहे.

या शिरांच्या आजारांचा इतिहास मी वाचत गेलो, तसतशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली : रोग शिरेचा आणि नाव दुसऱ्याचेच. कधी फुप्फुसाचे, कधी धमनीचे, कधी नुसतेच "हृदयाला छिद्र".

गोंधळाची सुरुवात नावापासून आहे. जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी म्हणत आणि शिरेला नीला. रोहिणी लाल, नीला निळी. फुप्फुसाची नीला मात्र शुद्ध, लालभडक रक्त वाहते. शाळेत आपण हा अपवाद एका गुणासाठी पाठ केला. ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेत तर या नळीला "शिरेसारखी धमनी" असेच नाव होते आणि तिच्यातून हवा वाहते असा समज हजार वर्षांहून अधिक काळ टिकला. तो पहिल्यांदा मोडला इब्न अल-नफीस या अरबी वैद्याने. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरूनच डावीकडे येते, असे त्याने १२४२ च्या सुमारास लिहून ठेवले. ते हस्तलिखित बर्लिनमध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागले १९२४ मध्ये. मधल्या काळात युरोपात सर्व्हेटसने १५५३ मध्ये आणि कोलंबोने १५५९ मध्ये तेच मांडले होते. हार्वेचे रक्ताभिसरण १६२८ चे, तर धमनी आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या १६६१ मध्ये. शिरेचे काम कळायलाच इतकी शतके गेली, मग तिचा आजार कळायला उशीर झाला यात नवल नाही.

चारही शिरा डाव्या अलिंदाऐवजी (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याऐवजी) भलतीकडे जोडलेल्या असण्याचा दोष विल्सन यांनी १७९८ मध्ये नोंदवला. पुढची दीडशे वर्षे तो शवविच्छेदनाच्या टेबलावरच दिसत राहिला. शुद्ध रक्त उजव्या बाजूला परत जाते, अशुद्धात मिसळते आणि दोन्ही अलिंदांमधल्या छिद्रातून जेवढे डावीकडे पोहोचेल तेवढ्यावर शरीर चालते. म्हणजे ज्या छिद्राला घरचे लोक घाबरतात, त्याच छिद्रावर हे बाळ जगत असते. घरच्यांना हे समजावून सांगणे फार अवघड जाते. १९५७ मध्ये डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी जोड कुठे आहे त्यानुसार चार प्रकार पाडले : हृदयाच्या वर, हृदयातच, हृदयाखाली आणि मिश्र. हीच विभागणी आजही वापरात आहे. हृदयाखालचा प्रकार सर्वांत घातकी. त्यात शिरा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली उतरून बहुधा यकृताच्या रक्तवाहिनीला मिळते, वाटेत दबते आणि रक्त फुप्फुसात तुंबते. एक्स-रे पांढरा दिसतो, अगदी न्यूमोनियासारखा. अशा बाळाला औषधांवर थांबवून ठेवता येत नाही, काही तासांत शस्त्रक्रिया लागते.

शस्त्रक्रियेचा मार्ग १९५० च्या दशकात खुला झाला. मुलर यांनी १९५१ मध्ये अर्धवट दुरुस्ती केली. १९५६ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून दोन गटांनी पूर्ण दुरुस्तीचे अहवाल दिले. लुईस आणि व्हार्को यांनी शरीर थंड करून काम केले, तर बरोज आणि कर्कलिन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरले. त्याआधी निदान झाले तरी हाती करण्यासारखे फारसे काहीच नव्हते.

पण शिवलेला जोड आतून पुन्हा आवळत जातो, हे लवकरच कळले. शंभरात दहा-पंधरा मुलांमध्ये असे होते. टाक्यांमुळे शिरेला इजा होते आणि तिथे पेशी वाढतात, असे मानून १९९६ च्या सुमारास फ्रान्सच्या लाकूर-गाये यांनी शिरेला टाका न घालता भोवतीचे हृदयावरण अलिंदाला शिवायची पद्धत वापरली. टोरांटोच्या शल्यविशारदांनीही तीच वाट धरली. तरीही काही मुलांच्या शिरा आकसतच जातात. काहींच्या तर शस्त्रक्रियेशिवायही, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या. फुगा घालून उघडाव्यात तर पुन्हा मिटतात. म्हणून बॉस्टनच्या बालरुग्णालयात कर्करोगावरची औषधे या मुलांना देऊन पाहिली गेली. त्यातले इमॅटिनिब आपल्याला दुसऱ्याच कारणाने माहीत आहे : याच औषधाच्या पेटंटचा खटला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला होता.

मोठ्या माणसांतली कथा वेगळी, पण चूक तीच. होरा यांनी १९३४ मध्ये जर्मनीत एका ४८ वर्षांच्या बेकरी कामगाराची नोंद केली. धाप, सूज, निळेपणा आणि शवविच्छेदनात फुप्फुसातल्या बारीक शिरा बंद झालेल्या. या रोगाला स्वतःचे नाव मिळाले १९६६ मध्ये, तोपर्यंत तो फुप्फुसाच्या धमनीतल्या उच्च दाबातच मोजला जाई. हा फरक जिवावरचा आहे. धमन्या सैल करणारे औषध दिले की रक्त जोरात पुढे येते, पुढची शिरेची वाट बंद असते आणि फुप्फुसात पाणी भरते. २०१४ मध्ये त्याच्या आनुवंशिक प्रकारामागचे जनुक सापडले, आणि पुढे धातूवरचे ग्रीस काढायच्या ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या द्रवांशीही या रोगाचा संबंध दिसला. सातपूर-अंबडचे कारखाने असलेल्या नाशिकमध्ये राहणाऱ्याला ही ओळ सहज ओलांडता येत नाही.

तिसरा धागा ठोक्यांचा, आणि त्याचे एक टोक भारतात आहे. कोलकात्यात नागविषावर काम केलेले जोसेफ फेअरर आणि लंडनचे लॉडर ब्रंटन यांनी १८७० च्या दशकात लिहून ठेवले, की प्राण्याचे हृदय थांबल्यावरही फुप्फुस शिरा स्वतंत्रपणे धडधडत राहतात. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९६६ मध्ये नाथन आणि एलियाकिम यांनी हृदयाचा स्नायू शिरांवर बाहीसारखा चढलेला दाखवला. मग १९९८ मध्ये बोर्दोच्या ऐसागेर यांनी अॅट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे अलिंदांचे ठोके विस्कळीत होण्याच्या आजाराच्या, ४५ रुग्णांत अनियमित ठोक्यांची ६९ उगमस्थाने शोधली. त्यातली ६५ फुप्फुस शिरांत होती. तिथे डाग देऊन ठोके ताळ्यावर आणायचा उपचार जगभर पसरला. त्याच वर्षी त्याची दुसरी बाजूही प्रसिद्ध झाली : डाग दिलेल्या शिरा आकसल्या होत्या. पुढे डाग शिरेच्या आत न देता तोंडाशी देऊ लागल्यावर हे प्रमाण खूप घटले. पण असा उपचार झालेल्याला काही महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडले, तर आपल्याकडे आधी क्षयच आठवतो. त्या वेळी जुनी फाइल दाखवणे फार गरजेचे आहे.

नाशिकपुरते पाहिले तर म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. ती तपासणी बरेच दोष पकडते. पण दबलेल्या शिरेचे बाळ अंगणवाडीच्या वयापर्यंत पोहोचतच नाही. त्याला जन्मल्यानंतर पहिल्या दिवसांतच गाठावे लागते. प्रसूतीच्या खोलीतून घरी सोडण्याआधी हातापायाला ऑक्सिजनचा चिमटा लावून पाहायला पाच मिनिटे लागतात. आकडा कमी आला तर इको, आणि गरज पडली तर कसारा घाट उतरून मुंबई.

इकोच्या कागदावर एक ओळ असते : चारही फुप्फुस शिरा डाव्या अलिंदात उघडतात. हातात कागद आला की ती ओळ शोधा, आणि दिसली नाही तर डॉक्टरांना तिथेच विचारा.