कंट्री संगीताची दोन संग्रहालयं: नॅशव्हिलचं आणि ब्रिस्टलचं

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याकडे सहल ठरवताना कंट्री संगीताचं, म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांचं, संग्रहालय शोधलं की दोन नावं समोर येतात: नॅशव्हिलचं ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम अँड म्युझियम’ आणि ब्रिस्टलचं ‘बर्थप्लेस ऑफ कंट्री म्युझिक म्युझियम’. दोन्ही एकाच दिवसात उरकू असं कुणी म्हणत असेल तर आधी नकाशा पाहावा. मधे गाडीनं चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, शिवाय ब्रिस्टलचं घड्याळ नॅशव्हिलच्या एक तास पुढे. ब्रिस्टल गावही टेनेसी आणि व्हर्जिनिया अशा दोन राज्यांत वाटलेलं. स्टेट स्ट्रीटच्या मधोमध हद्द जाते आणि संग्रहालय आहे व्हर्जिनियाच्या बाजूला.

नॅशव्हिलचं संग्रहालय १९६७चं, सध्याच्या इमारतीत २००१ पासून. खिडक्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या. आत सगळा थाटमाट: एल्व्हिस प्रेस्लीची सोनेरी कॅडिलॅक गाडी, गायक वेब पिअर्सची चांदीच्या डॉलरांनी मढवलेली पाँटिअ‍ॅक, जिच्या दरवाजांच्या मुठी म्हणजे पिस्तुलं! ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडलेल्या मानकऱ्यांचे कांस्यफलक एका गोल दालनात आहेत. १९६१ साली पहिले तिघे निवडले गेले: गायक जिमी रॉजर्स आणि हँक विल्यम्स, आणि गीतकार-प्रकाशक फ्रेड रोझ. मोठं कोण झालं, हे इथे चोख कळतं. गाड्या पाहून मात्र माझ्यासारख्याला लवकर कंटाळा येतो. त्यापेक्षा जोडतिकीट काढून ‘आरसीए स्टुडिओ बी’ हा जुना ध्वनिमुद्रण स्टुडिओ पाहावा. तिथे एल्व्हिसनं दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली.

ब्रिस्टलचं संग्रहालय २०१४चं, आकारानं कितीतरी लहान, आणि त्याचा मुख्य विषय १९२७च्या उन्हाळ्यातले जेमतेम दोन आठवडे. तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर हा निर्माता ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन इथे आला आणि टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत त्यानं तात्पुरता स्टुडिओ थाटला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गनं कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की पीअरकडे आता विजेवर चालणारा मायक्रोफोन होता, त्यामुळे कर्ण्यात ओरडून गावं लागत नव्हतं. घरगुती, हळू आवाजसुद्धा तबकडीवर स्वच्छ उमटू लागले. १९ गायक-वादक किंवा संच, ७६ ध्वनिमुद्रणं. त्यांत डोंगराळ खेड्यातून आलेलं कार्टर कुटुंब होतं. मेबेल कार्टर अंगठ्यानं खालच्या सुरांच्या तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या तारांवर ठेका धरायची. पुढे गिटारवाल्यांच्या पिढ्या ते शिकल्या. जिमी रॉजर्सचं आदल्या दिवशी साथीदारांशी बिनसलं, म्हणून तो एकट्यानंच गायला.

ब्रिस्टल हे कंट्री संगीताचं ‘जन्मस्थान’ (बर्थप्लेस) हा दावा मात्र थोडा सैलच घ्यावा. अमेरिकी काँग्रेसनं १९९८ साली त्यावर शिक्का मारला खरा, पण अटलांटात फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या ‘फिडलिन’ जॉन कार्सनची तबकडी १९२३ सालीच निघाली होती, आणि तीही याच पीअरनं काढलेली. संगीत तर त्याच्याही आधीचं.

वेळ असेल तर आधी ब्रिस्टल करावं. मग नॅशव्हिलमध्ये मेबेलची गिब्सन गिटार काचेमागे दिसते तेव्हा तिच्यापाशी थांबावंसं वाटतं. ती ब्रिस्टलमध्ये वाजलेली नव्हे, १९२८ची, म्हणजे तबकड्या निघाल्यानंतरची. एकच दिवस असेल आणि मुलं सोबत असतील तर सरळ नॅशव्हिल. आणि नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ला यांतलं तिसरं संग्रहालय समजू नका, तो १९२५ पासून चालत आलेला रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम आहे, त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.