महासागराचा तळ सगळीकडे 4 अंशांचा नसतो
मराठवाड्यातील आमच्या शाळांत ‘पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड, म्हणून महासागराचा तळही 4 अंशांचाच’ असे अजूनही सांगितले जाते. ते चुकीचे आहे. हा नियम गोड्या पाण्याचा आहे, समुद्राचे खारे पाणी मात्र गोठेपर्यंत जड होत जाते. जेम्स क्लार्क रॉस यांच्या 1839-43 च्या अंटार्क्टिक मोहिमेतील नोंदींनी या समजाला बळ दिले, कारण खोल पाण्याच्या दाबाने तापमापीचा फुगा दबून तापमान जास्त दिसत असे. 1869 च्या मिलर-कॅसेला तापमापीत फुग्याभोवती दुसरे काचेचे कवच आले. 1874 ची नेग्रेटी-झांब्रा तापमापी तर विलक्षणच: हव्या त्या खोलीवर ती उलटी होताच पाऱ्याचा धागा नळीच्या अरुंद भागात तुटतो आणि तिथलेच तापमान वर वाचता येते. खोल तळाचे पाणी बहुतेक ठिकाणी 0 ते 3 अंशांचे असते.