तेलापासून राख, पाण्यापासून राख

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक टाकून जात. त्यात पोथीच बोलते: तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आज ज्याला आपत्ती व्यवस्थापन आराखडा म्हणतात, त्याचा इतका आटोपशीर मसुदा मी दुसरा पाहिलेला नाही.

यातलं पाणी पुण्याने पाहिलं ते १२ जुलै १९६१ ला. त्या बुधवारी सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणाऱ्या खुणा जुन्या पुण्यात अजून भेटतात. भिजलेल्या पुस्तकांच्या ढिगाचं काय करायचं याची रीत मात्र तेव्हा बसलेली नव्हती.

ती बसायला सुरुवात झाली पाच वर्षांनी, इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. तरुण पोरांनी साखळी करून ते हातोहात बाहेर काढले. वाळवायला तंबाखू सुकवायच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या. तिथे राबलेले इंग्रज बांधणीकार पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी भिजलेली पुस्तकं वाचवण्याची पुस्तिका लिहिली. तेव्हापासून पक्कं झालेलं सूत्र असं: सगळं एकदम वाळवणं जमणार नसेल तर आधी गोठवा. दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि तेवढ्यात हजारो पुस्तकं वाळवणं कुणाच्याच हातचं नसतं. आर्ट पेपरचं, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाचं, तर आणखी कठीण. अशी पानं ओली एकमेकांवर राहून वाळली की पुस्तकाची वीट होते. पान सुटलंच तर छपाई शेजारच्या पानावर ठेवून सुटतं.

२८ जुलै १९९७ ला कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर बुडालं, तेव्हा पाच लाखांच्या घरातली भिजलेली पुस्तकं वाचवताना हीच गोठवण्याची रीत कामी आली.

पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय गणेशखिंडीत, मुठेच्या पात्रापासून बरंच उंचावर. नदी तिथे चढणार नाही. पण कपाट भिजायला नदी लागतेच असं नाही. गच्चीवरची पाला अडकून तुंबलेली पन्हाळ पुरते, वरच्या मजल्यावरचा फुटका नळ पुरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर भागात हाहाकार केला तोही मुठेने नव्हे, आंबिल ओढ्याने.

श्लोकातल्या शेवटच्या इशाऱ्याचा प्रत्यय आला ५ जानेवारी २००४ ला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जमाव घुसला, कपाटं उलथली, पोथ्या-पुस्तकांची पानं जमिनीवर पसरली. आपत्ती म्हणजे आग, पूर, भूकंप एवढंच धरून चालणाऱ्यांना हा प्रकार कुठल्या रकान्यात घालावा हेच उमगेना. याच संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

आराखड्यातला सगळ्यात अवघड कागद म्हणजे आधी काय उचलायचं याची यादी. भांडारकरमध्ये निदान पहिली ओळ तरी सहज लिहिता येईल. विद्यापीठात मात्र घोळ होतो, कारण तिथे महागडे परदेशी ग्रंथ डोळ्यांत भरतात. ते पुन्हा विकत मिळतात. कोपऱ्यातल्या कपाटातले जुने टंकलिखित प्रबंध, कार्बन प्रतींसकट, मिळत नाहीत.