डाव्या बाजूची नस : मुलांच्या हृदयतालावरील एका शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

टिळक टँकवर पोहताना किंवा पर्वतीच्या पायऱ्या पळत चढताना एखादं मूल धाडकन बेशुद्ध पडलं, की आपल्याकडे पहिला शब्द येतो ‘फिट’. कुणीतरी नाकाशी कांदा धरतं, मग मेंदूच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू होतात. साधा ईसीजी काढायचं पटकन सुचत नाही. दोष मात्र कधीकधी हृदयाच्या तालात असतो.

१९५७ मध्ये नॉर्वेच्या जेर्वेल आणि लँग-नील्सन या डॉक्टरांनी असंच एक घर नोंदवलं. चार भावंडं जन्मतः बहिरी, वारंवार बेशुद्ध पडणारी; त्यांतली तिघं लहानपणीच गेली. ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं. अशी बहुतेक मुलं आज ॲड्रेनालिनचा हृदयावरचा जोर रोखणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांवर सावरतात. प्रश्न उरतो तो गोळ्यांना दाद न देणाऱ्यांचा.

गंमत म्हणजे त्यांच्यावरची शस्त्रक्रिया आजाराच्या नावापेक्षा जुनी आहे. धावताना, दचकल्यावर अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या नसांचं जाळं, हृदयाला टाच मारते. १९१६ साली बुखारेस्टमध्ये योनेस्कू या सर्जननी अंजायना (हृदयविकाराचं छातीतलं दुखणं) आणि तालबिघाड असलेल्या एका रुग्णाची डावीकडची स्टेलेट गाठ, म्हणजे याच नसांचं मानेच्या मुळाशी असलेलं जंक्शन, काढून टाकली. लांब क्यूटीसाठी ही युक्ती वापरली मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी, १९७१ मध्ये. पुढे इटलीच्या पीटर श्वार्ट्झ यांनी ती चिकाटीने लावून धरली. त्यांच्या २००४ च्या अहवालात १४७ रुग्ण होते. ताल बिघडून येणाऱ्या झटक्यांचं वार्षिक प्रमाण सरासरी ९१ टक्क्यांनी घटलं. तरी काही दगावलेच, म्हणून हा रामबाण नव्हे.

मग ताल बिघडताच शॉक देणारं यंत्रच शरीरात का बसवू नये? बसवतातही. पण शॉकने मूल घाबरतं, ॲड्रेनालिन उसळतं आणि ताल पुन्हा बिघडू शकतो. श्रमाने किंवा भीतीने ताल बिघडणाऱ्या सीपीव्हीटी या आजारात हा धोका जास्तच.

तालाच्या दुसऱ्या एका बिघाडात हृदयातली विजेची जादा वाट कापण्याची शस्त्रक्रिया १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठात सीली यांनी केली होती. मांडीतून तार घालून ती वाट जाळता येऊ लागल्यावर तिची गरज क्वचितच उरली.

नस कापणं मात्र टिकलं. पूर्वी त्यासाठी मानेच्या मुळाशी छेद देत किंवा छाती उघडत. आता बहुधा बरगड्यांमधून दुर्बीण घालतात. स्टेलेटचा वरचा अर्धा भाग शाबूत ठेवतात, नाहीतर डावी पापणी झुकते. शस्त्रक्रियेनंतर अनेक मुलांचा डावा तळहात कोरडा राहतो. परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटतो तो फक्त उजव्याला.