जुन्या मर्सिडीज ई-क्लासचे एसबीसी ब्रेक काढून साधे ब्रेक बसवायचेत? आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

डॅशबोर्डवर लाल अक्षरांत 'सर्व्हिस ब्रेक, व्हिजिट वर्कशॉप' आलं की मर्सिडीजच्या डब्ल्यू २११ पिढीतल्या ई-क्लासचा मालक आधी गॅरेजला फोन लावतो. नव्या एसबीसी (सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेक) युनिटचा आकडा ऐकला की तो दुसऱ्या गॅरेजला लावतो, आणि तिथे कुणीतरी म्हणतं, "काढून टाकू साहेब, साधा बूस्टर बसवू." तांत्रिकदृष्ट्या हे होतं. पण कागदावर काय करायचं, हे तो गॅरेजवाला सांगत नाही.

आधी गाडीत नेमकं काय बदलतंय ते बघू, कारण अर्जात हेच लिहावं लागतं. २००२ साली आलेल्या या पिढीत पेडल आणि चाकांच्या मध्ये पायाचा जोर वाढवणारा नेहमीचा व्हॅक्यूम बूस्टर नाही. पेडल किती आणि किती झपाट्यानं दाबलं हे सेन्सर मोजतात आणि उच्च दाबाखाली साठवलेलं ब्रेक ऑइल प्रत्येक चाकाला हवं तेवढ्या दाबानं पोचवलं जातं. घाबरून मारलेला ब्रेक ओळखून पूर्ण दाब देणं, म्हणजे ब्रेक असिस्ट, हेही हेच युनिट करतं. ते बंद पडलं तर पायाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांपर्यंत जातो, पेडल खोल आणि जड होतं. २००४ मध्ये कंपनीनं या यंत्रणेसाठी जगभरातून ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, २००५ मध्ये आणखी सुमारे १३ लाख, त्यामागच्या कारणांत ही यंत्रणाही होती. २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून तर एसबीसी काढूनच टाकलं आणि व्हॅक्यूम बूस्टरवर चालणारं ब्रेक असिस्ट परत आणलं.

शेवटचं वाक्य अर्जदाराच्या कामाचं आहे. तुम्ही बसवताय ते कुठल्या तरी भलत्या गाडीचं नाही, याच मॉडेलचं कंपनीनंच नंतर दिलेलं सामान आहे. अर्जाचा सगळा भार या मुद्द्यावर ठेवा.

परवानगी कधी लागते?

जुनं एसबीसी युनिट काढून तसंच एसबीसी युनिट बसवलं तर ती दुरुस्ती. परवानगी नको, पार्ट नंबर असलेलं बिल जपून ठेवा म्हणजे झालं. बूस्टर, मास्टर सिलिंडर, पेडलची जोडणी, एबीएस-ईएसपीचं (चाकं लॉक होऊ न देणारं, गाडी घसरू न देणारं) युनिट, पाइप, वायरिंग असा अख्खा संच बदलला की ते फेरबदल होतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकानं करू नये. गॅरेजवाल्यांचा युक्तिवाद असा की आरसीवर ब्रेकचा रकानाच नाही, मग कसली विसंगती? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, पण मी त्याच्या भरवशावर गाडी रस्त्यावर काढणार नाही. ब्रेकसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९६ वा नियम स्वतंत्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये सुटे भाग बसवून केलेल्या नियमबाह्य फेरबदलाचाही उल्लेख आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलांच्या बाजूनंच कौल दिला. म्हणून काम सुरू करण्याआधी लेखी अर्ज करा. "करून टाका, पासिंगला बघू" हा सल्ला एजंटला परवडतो, मालकाला नाही.

अर्ज कोण करू शकतो?

आरसीवर ज्याचं नाव तोच. गाडी सेकंडहँड घेऊन नावावर करायची राहिली असेल तर आधी ते उरका. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती जोडा. नोंदणीची मुदत जिवंत हवी, विमा आणि पीयूसी चालू हवेत.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर फेरबदलाच्या सेवेतून भरता येतो. सोबत आरसी, विमा, पीयूसी, मालकाचा ओळख व पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा ठेवा. पण खरं वजन पडतं ते वेगळ्या तीन कागदांचं: बदलणाऱ्या भागांची पार्ट नंबरसह यादी, ते भाग याच मॉडेलच्या २००६ नंतरच्या गाडीचे आहेत असं अधिकृत सर्व्हिस सेंटरचं किंवा विक्रेत्याचं पत्र, आणि काम करणाऱ्या वर्कशॉपचं लेटरहेडवरचं निवेदन. त्यात एबीएस, ईएसपी आणि ब्रेक असिस्ट काम झाल्यावरही चालू राहतील हे स्पष्ट लिहून घ्या. असिस्ट बंद करून नुसता बूस्टर बसवणार असाल तर अर्ज न केलेलाच बरा. सुरक्षा कमी करणाऱ्या बदलावर सही कोण करेल?

मंजुरी आली की काम करा आणि झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून गाडी तपासणीला न्या. एक सूचना मेकॅनिकसाठी: एसबीसीचा पंप नुसतं दार उघडल्यावरही जागा होऊन दाब तयार करतो. यंत्रणा निष्क्रिय न करता कॅलिपरला हात घातला तर बोटं चिरडू शकतात.

नूतनीकरण जवळ आलंय?

या गाड्यांची पंधरा वर्षं केव्हाच उलटली. आता दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून नूतनीकरण करावं लागतं, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. लाल इशारा पेटलेला असताना इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करू नका. हातात वेळ असेल तर आधी फेरबदल, मग नूतनीकरण.

ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे, आयात गाडीला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. त्या काळातल्या ई-क्लासची जुळणी पिंपरीला टाटांच्या आवारात व्हायची, त्यामुळे आरसीवर चुकून 'आयात' पडलंय का ते बघून घ्या. सत्तर हजारांचा फरक आहे. याच एसबीसीवर चालणारी तेव्हाची एसएल मात्र थेट परदेशातून यायची, तिच्या मालकाला ही सूट नाही.

मंजुरीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. ईमेल पाठवून थांबू नका, नोंद झालेली पॉलिसी हातात येईपर्यंत मागे लागा.